जमिनीखालचं पाणी ऐकवायचंय? आधी चावीवाल्याला भेटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही जलतरंग वाजवता, चार मित्र जमले आहेत, आणि पुण्यात पेठेत कुठेतरी उघड्यावर तासाभराचा कार्यक्रम करायचाय. त्यात मुख्य आवाज जमिनीखालच्या पाण्याचे असावेत असं डोक्यात आहे: बंदिस्त नाला, पेशव्यांच्या काळातला नळ, रस्त्याखालची पाइपलाइन. जाळीला मोबाइल लावून रेकॉर्डिंग केलंत तर नुसती खरखर आली. म्हणून विचारताय की माइक कोणता घ्यायचा, हे आवाज जलतरंगाच्या सुरात कसे बसवायचे आणि परवानगी कुणाकुणाची काढायची.

मी हे उद्योग अठरा वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार. माइकचं मधेच कुठेतरी येईल, कारण आधी बघायची ती वेळ. शहराच्या पोटातलं पाणी ओढ्यासारखं आपल्या मर्जीने वाहत नाही. कुणी व्हॉल्व्ह फिरवला की ते येतं, कुणी अंघोळ केली की ते गटारात जातं, पाऊस पडला की नाला भरतो. तुमची रचना म्हणजे या वेळापत्रकात स्वतःसाठी जागा शोधणं. हे माझ्या डोक्यात शिरायला चार वर्षं आणि एक जाहीर फजिती लागली. ती पुढे सांगतो.

आधी तुमची खरखर. मोबाइल माणसाचं बोलणं टिपायला बनवलेला असतो. सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं धरून तो ते काढून टाकायच्या मागे लागतो. पंखा, रहदारी, पाणी, त्याच्या लेखी सगळं सारखंच. तुम्हाला जे हवं होतं तेच त्याने इमानेइतबारे पुसलं आणि उरलेला चोथा तुमच्या हातात दिला. ही प्रक्रिया बंद करणारी अ‍ॅप मिळतात, पण साधा हातातला रेकॉर्डर घेतलात तर कटकट मिटते.

आता मूळ मुद्दा, आवाज कुठून येतो हा. वाहतं पाणी मुळात मुकं असतं. शेतातल्या पाटात संथ, एकसंध जाणाऱ्या पाण्याजवळ कान नेऊन बघा, जवळजवळ काही ऐकू येत नाही. पाण्यात हवा कोंडली गेली की आवाज सुरू होतो. थेंब पडतो, धार आपटते, बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा इवल्याशा घंटेसारखा वाजतो. मिन्नार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली याचं गणित मांडलं. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३,३०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांनी, वाजतो आणि १ सेंटिमीटर त्रिज्येचा ३३० हर्ट्झच्या आसपास. बारीक खळखळ आणि जाड ‘गुडुप’ यांतला फरक एवढाच.

पण हे झालं कच्च्या मालाचं. त्याला स्वर देते ती पोकळी. चेंबर घ्या किंवा कात्रजच्या जुन्या नळावरचा उच्छ्वास, म्हणजे हवा बाहेर पडायला ठेवलेलं तोंड, घ्या. खाली पाणी, वर उघडं तोंड, म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळीच. तोंडापासून पाण्यापर्यंत २ मीटर अंतर असेल तर तिचा मूळ स्वर ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि त्यावर तिप्पट, पाचपट, सातपट असे स्वर उभे राहतात: १२९, २१५, ३०१. मूळ स्वर कानापेक्षा छातीला जास्त कळतो. आपण गुणगुणल्यासारखं ऐकतो ते वरचे.

इथे जलतरंगवाल्याने सावध व्हायला हवं, कारण तुमचा हात उलट्या सवयीचा आहे. जलतरंगात वाजतो चिनी मातीचा वाडगा. पाणी त्याला जड करतं, म्हणून पाणी वाढवलं की स्वर उतरतो. चेंबरमध्ये वाजते हवा. पाणी वाढलं की हवेचा खांब आखूड होतो आणि स्वर चढतो. नळाखाली कळशी भरताना पाठमोरं असूनही आपल्याला ती भरत आल्याचं कळतं, ते याच चढत्या स्वरावरून. माझी आजी स्वयंपाकघरात बसून अंगणातल्या हंड्याला ‘पुरे’ म्हणायची आणि हंडा खरोखर काठोकाठ असायचा. गल्लीखालचा नाला म्हणजे तीच कळशी, फक्त भरायला पाऊस लागतो.

म्हणून माझा आग्रह असा: वाद्य म्हणजे पोकळी, पाणी हा वाजवणारा, आणि तुम्ही फार तर श्रोत्यांना योग्य जागी नेऊन बसवणारे. यापलीकडे हात जितके कमी लावाल तितकं चांगलं. नवशिके (मीसुद्धा) उलट करतात. पाण्याचं रेकॉर्डिंग संगणकात घेतात, त्यावर गुहेसारखा घुमारा चढवतात, खाली तंबोऱ्यासारखा एक लांब स्वर लावतात आणि तयार होतं ते मसाज केंद्रात वाजणारं संगीत. त्यात पाणी कुठल्या गल्लीतलं हे कुणालाही ओळखता येत नाही.

आता जागा. पुण्यात असाल तर तुमचं नशीब चांगलं आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचं पाणी विटा-चुन्यातल्या बंद नळाने निव्वळ उतारावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं गेलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास बांधले, म्हणजे नळातली कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढायला आत उतरता यावं. पेठांमध्ये हौद भरले, वाड्यात कारंजी उडाली. या नळाचा इतिहास सांगणारे पुष्कळ भेटतील. मला त्यात भावतं ते नाव. बांधणाऱ्यांनी त्या खिडक्यांना ‘उच्छ्वास’ म्हटलं, कारण त्यातून खरोखर श्वास ऐकू येत असणार. आज नळ ठिकठिकाणी तुटलाय, त्यात सांडपाणीही शिरलंय, त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाशी पाणी ऐकू येईल अशी आशा धरू नका. काही ठिकाणी निव्वळ पोकळी घुमते, आणि तीही ऐकण्यासारखी असते.

हौदाजवळ काही करणार असाल तर एक भान ठेवा. या शहरात हौदाचं पाणी सगळ्यांचं नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो याच गावात. ‘पूर्वी किती छान होतं’ असं निवेदन हौदाच्या काठावर उभं राहून करू नका. ऐकणाऱ्यांत कुणाच्या तरी पणजोबांना त्या हौदावर हात लावू दिला नव्हता.

पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा एकदा कानांनी बघून या. १६१५ सालचं काम. डोंगरातून झिरपणारं पाणी भुयारातून शहराकडे नेलंय आणि वर ओळीने कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडं. एका कुंडीशी बोललं की पुढच्या कुंडीतून काय येतं ते ऐका. छत्रपती संभाजीनगरला पाणचक्कीत बंद खापरी नळांतून आलेलं पाणी भिंतीवरून हौदात कोसळतं. तिथला आवाज मोठा आहे, पण लपलेला नाही, त्यामुळे आपल्या कामाला थोडा सोपा पडतो.

आता चावीवाला. भागातले व्हॉल्व्ह उघडबंद करणारा माणूस. त्याच्याकडे छातीएवढी उंच, टी आकाराची लोखंडी चावी असते. आमच्या भागातले काका पहाटे चावी व्हॉल्व्हवर बसवायचे, चार आटे फिरवायचे, थांबायचे, आणि चावीच्या दांड्याला कान लावायचे. डोळे मिटलेले, तोंडात तंबाखू. मग म्हणायचे, ‘आलं.’ नळाला पाणी यायला अजून पाचसात मिनिटं असायची. एकदा मी विचारलं, काय ऐकता? त्यांनी चावी माझ्या हातात दिली. पहिल्यांदा मला काहीच आलं नाही. मग दाताच्या मुळाशी जाणवावी तशी एक जाड घरघर, आणि तिच्यावर केसाएवढी बारीक ‘सूंऽऽ’. घरघर म्हणजे लाइन भरतेय. न थांबणारी ‘सूंऽऽ’ म्हणजे जवळपास कुठेतरी गळती. जुना बिडाचा पाइप आवाज लांबवर नेतो, प्लास्टिकचा गिळतो, हेही त्यांनीच सांगितलं. नंतर कळलं की गळती शोधणारे जगभर असंच करतात, लोखंडी सळई नळाला लावून कान टेकवतात. माझ्या पहिल्या चांगल्या कार्यक्रमात एकही स्पीकर नव्हता. बारा सळया होत्या, टोकाला लाकडी मुठी बसवलेल्या, आणि लोक पाळीपाळीने उघड्या पाइपाला आणि मीटरच्या खोक्याला त्या टेकवून ऐकत होते.

त्याआधीचा कार्यक्रम ती फजिती. एका जुन्या वाड्याच्या चौकात, संध्याकाळी, आठ स्पीकर, वाड्याच्या नऊ नळांच्या पाइपांवर चिकटवलेले माइक, चाळीसएक माणसं सतरंजीवर. मी मोठ्या थाटात सांगितलं की आता साडेसहाला पाणी येईल आणि मैफल सुरू होईल. साडेसहा झाले, पावणेसात झाले. स्पीकरमधून वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी तेवढी स्पष्ट आली. शेवटी एका आजींनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, ‘अहो, आज गुरुवार ना?’

पुणेकराला याहून जास्त सांगायची गरज नाही. दुरुस्तीची कामं निघाली की पाणी बंद गुरुवारी, आणि बातमीत पुढे ठरलेलं वाक्य, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने. ती बातमी सकाळी घरात सगळ्यांनी वाचली होती, माझ्याशिवाय. लोक हसत हसत घरी गेले. मी माइक तसेच ठेवून वाड्यातच झोपलो, कारण आवरायचं त्राण नव्हतं.

शुक्रवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास जाग आली ती एका श्वासाने. रात्रभर रिकाम्या राहिलेल्या पाइपांत हवा भरलेली असते आणि पाणी मागून येताना तिला ढकलत आणतं. तळमजल्यावरचा मोरीतला नळ आधी फुसफुसला. मग शिट्टी, आधी दमेकऱ्यासारखी, हळूहळू धारदार. मग दोन-तीन खाकरे, तांबूस पाण्याची एक पिचकारी, पुन्हा शांतता, आणि मग एकदम धार. तेवढ्यात शेजारच्या बिऱ्हाडाचा नळ फुसफुसायला लागला होता. दाब कमी, त्यामुळे पाणी मजल्यामजल्याने चढत होतं. तळमजल्यावरचे पाच नळ धारेला लागले तेव्हा कुठे वरचे चार श्वास घेत होते. भजनात एकाने उचललेलं धृपद टाळकरी एकेक करून धरतात, तसं. गच्चीवरच्या टाकीपर्यंत पाणी पोचलंच नाही, तिथला कॉक शेवटपर्यंत नुसता सुस्कारे टाकत राहिला. सगळं मिळून बावीस मिनिटं. मी सतरंजीवर बसून ऐकलं आणि रेकॉर्डरचं बटण दाबायला विसरलो.

तेव्हापासून मी ‘शुक्रवार’ नावाची एकच रचना पुन्हा पुन्हा करतोय. गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी आली की निरोप जातात. शुक्रवारी पहाटे साडेपाचला माणसं चौकात येऊन बसतात. घरोघरी नळ उघडे ठेवलेले, आणि प्रत्येकाखाली ठरवून दिलेलं भांडं. तांब्याचा हंडा भरताना स्वर गोल आणि लांब चढतो. पत्र्याची बादली कर्कश सुरू होते आणि अर्ध्यावर शांत होते. प्लास्टिकचं पिंप नुसतं धबधबतं, ते मी जिन्याखाली लांब ठेवतो. पितळी घंगाळाचं तोंड पसरट, त्यामुळे त्यात चढ नाहीच, फक्त बुडबुड्यांची सर. कुठलं भांडं कुठल्या नळाखाली, एवढंच माझं लेखन. भांडं भरलं की घरातली बाई नळ बंद करते आणि त्या नळाचा आवाज रचनेतून जातो. सांडवायचं नाही. हे बंधन सौंदर्यासाठी नव्हतं, वाड्यातल्या बायकांनी घातलं होतं; रचनेला शेवट त्यामुळेच मिळाला.

याला प्रयोगशील वगैरे म्हणतात, पण अशा कामाची परंपरा बरीच जुनी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं आहे. बिल फोंटाना या अमेरिकन कलाकाराने १९७६ साली सिडनीत किरिबिली धक्क्यावर रेकॉर्डिंग केलं. तो काँक्रीटचा तरंगता धक्का, त्याच्या फरशीत बारीक भोकं, आणि खालच्या लाटा हवा दाबत ती भोकं बासरीसारखी फुंकायच्या. त्याने आठ भोकांपाशी आठ माइक लावले. बाकी काही केलं नाही. मॅक्स न्यूहाउसने १९७७ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये रस्त्यातल्या एका जाळीखाली, भुयारी रेल्वेच्या हवेच्या पोकळीत, त्या पोकळीशी जुळणारा घंटेसारखा नाद बसवला. तो १९९२ पर्यंत चालला आणि २००२ पासून पुन्हा चालू आहे. तिथे पाणी नाही, तरी धडा आपल्या कामाचा आहे: पाटी नाही, नाव नाही, ज्याला ऐकू आलं तो थांबतो. पॉलिन ऑलिव्हेरॉस आणि दोन साथीदार १९८८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वर्डनच्या रिकाम्या, जमिनीखालच्या पाणीटाकीत उतरून वाजवत बसले. टाकी २० लाख गॅलनची, घुमारा ४५ सेकंदांचा. एवढ्या घुमाऱ्यात घाई करणाऱ्याचा चिखल होतो, म्हणून ते सावकाश वाजवायला शिकले. लंडनमध्ये फ्लीट नावाची अख्खी नदी गटार होऊन रस्त्याखाली गेलीय, पण क्लर्कनवेलमध्ये रे स्ट्रीटवरच्या जाळीशी वाकलं की ती आजही ऐकू येते. त्या जागेला कलाकाराची गरजच पडलेली नाही.

घरी करून बघायचं असेल तर जपानी लोकांचं सुइकिनकुत्सु करा. बुडाला भोक पाडलेला रांजण बागेत उलटा पुरायचा, आत तळाशी थोडं पाणी साठेल अशी सोय करायची, आणि वरून थेंब थेंब सोडायचा. थेंब आत पडला की रांजण घंटेसारखा वाजतो. मी कुंभाराकडून खास भोक ठेवून माठ भाजून घेतला होता, कारण भाजलेल्या माठाला नंतर भोक पाडताना तीन फुटले. महिनाभर हे ऐकलंत की जाळीखाली काय शोधायचं ते कान आपोआप शिकतात.

आता उपकरणं. वीस-तीस रुपयांची पिएझो चकती, म्हणजे कंपनांची वीज करणारी चकती, घ्या, २७ मिलिमीटरची. तिला जाळीवेष्टित वायर डकवा, पाइपावर दुहेरी टेपने बसवा. झाला काँटॅक्ट माइक. सगळे एकच चूक करतात: ती साध्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडतात आणि ‘आवाज पत्र्यासारखा येतो’ म्हणून टाकून देतात. दोष चकतीचा नाही. तिची धारणक्षमता २० नॅनोफॅरडच्या घरात असते. १० हजार ओहमच्या इनपुटला लावली तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, म्हणजे नेमकी पाण्याची घरघर. गिटारसाठी असतो तो १० लाख ओहमचा इनपुट वापरा, ८ हर्ट्झपर्यंत सगळं येतं. तीच चकती दोन्ही बाजूंनी अराल्डाइटमध्ये पक्की बुडवली की कामचलाऊ हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, होतो. तो धारेत सोडू नका, नाहीतर पाणी त्याच्यावर आपटल्याचा आवाज येईल. कडेच्या संथ पाण्यात, वजन बांधून सोडा.

उच्छ्वासात किंवा चेंबरात सोडायला छोटा, सगळीकडून ऐकणारा कॉलर माइक पुरतो, वर लोकरीची टोपी घालून. दमट हवेत तो थोड्या वेळाने चरचरायला लागतो, तेव्हा दोन ठेवा आणि एक कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. खरी गंमत वायर सोडण्यात आहे. अशा नळीत दाब सगळ्यात जास्त पाण्याच्या पृष्ठभागाशी असतो, तोंडाशी जवळजवळ नसतो. माइक हळूहळू खाली सोडलात की वरचे स्वर येतात, जातात, पुन्हा येतात आणि मूळ स्वर तळाशी भरून येतो. वायर हीच तार समजा. मी हे हातानेच करतो. मोटर लावून बघितली होती, फार निर्विकार वाजतं.

श्रोत्यांना द्यायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे पीव्हीसी पाइपाचा तुकडा. दोन्ही तोंडं उघडी असलेला ८० सेंटिमीटरचा पाइप २१५ हर्ट्झला बोलतो, म्हणजे २ मीटर खोल चेंबरचा पाचपट स्वर नेमका उचलतो. प्रत्यक्षात दोन-तीन सेंटिमीटर आखूड कापायचा आणि घासत घासत कानाने जुळवायचा. एक तोंड जाळीशी, दुसरं कानापासून बोटभर दूर. कानाला चिकटवलात तर ते टोक बंद होतं आणि स्वर सप्तकभर खाली जातो. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ अ‍ॅडम्सला ब्रूस ओडलँड आणि सॅम ऑइंगर यांनी १९९८ साली पुलाला १६ फुटी नळ्या लावून रहदारीच्या गोंगाटातून एक स्वर गाळून घेतला होता, तत्त्व तेच. भर रस्त्यात रिक्षांचा गलका चालू असताना पाइप कानाशी धरल्यावर माणसाचा चेहरा बदलतो, ते बघायला मी अजूनही समोर उभा राहतो.

जुळवणीबद्दल. पाणी तुमच्या सुरात आणायचा खटाटोप करू नका, तुम्ही त्याच्या सुरात जा. वरचा २१५ धरला तर तो काळी चार आणि पांढरी सहाच्या मधे कुठेतरी बसतो, हार्मोनियमवर सापडणारच नाही. जलतरंगाचं तसं नाही. वाडग्यात चमचाभर पाणी कमी-जास्त केलं की षड्ज तिथे बसतो, आणि म्हणूनच या कामाला तुमचं वाद्य माझ्या सिंथेसायझरपेक्षा चांगलं आहे. जुळवणी मात्र कार्यक्रमाच्या वेळीच करा. हवा १० अंशांनी गार झाली की पोकळीचा स्वर साधारण पावणेदोन टक्क्यांनी उतरतो, म्हणजे जवळजवळ तीस सेंट (शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंटचं अंतर असतं). दुपारी जुळवलेला जलतरंग पहाटे बेसूर लागेल आणि दोष तुम्ही पाण्याला द्याल.

आता जे ऐकावंच लागेल ते. चेंबरात, नाल्यात, भुयारात माणूस उतरवायचा नाही. तुम्ही नाही, मित्र नाही, ‘रोजचा सवयीचा’ म्हणून पाचशे रुपये देऊन आणलेला कामगार तर मुळीच नाही. हायड्रोजन सल्फाइड आधी कुजक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि माणूस कोसळतो. संरक्षणाशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा असूनही माणसं मरताहेत, बहुतेक दलित समाजातली. अशा जागेवर ‘गूढ नाद’ शोधायला जाताना हे डोक्यात असू द्या. माइक खाली, माणूस वर, आणि झाकण उघडायचं असेल तर ज्यांचं काम आहे त्यांनीच, त्यांच्या हुकमाने.

पावसाळ्यात नाल्याकाठी श्रोते बसवू नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला किती मिनिटांत पूर आला आणि काय झालं, ते पुण्यात कुणाला सांगायला नको. हा ओढा पेशवाईत वळवून पर्वतीखाली नेला होता. आजची वाट त्याची मूळ वाट नव्हेच. पावसाचा नाला ऐकायचाच असेल तर माइक आधी लावून ठेवा आणि लोकांना उंचावरच्या गच्चीवर हेडफोन द्या.

परवानग्यांचं त्या मानाने सोपं आहे. रस्ता अडवणार असाल तर पोलिसांची आणि क्षेत्रीय कार्यालयाची, जुन्या वास्तूला हात लावणार असाल तर ती ज्याच्या ताब्यात आहे त्याची. चुन्याच्या बांधकामात खिळा ठोकायचा नाही, टेपही नाही. चुना टेपसोबत निघून येतो. स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, म्हणजे दोन माणसांच्या बोलण्याएवढी. मला हा नियम आवडतो. त्याने माझे आठ स्पीकर घरी ठेवायला लावले. अर्जात ‘प्रायोगिक ध्वनिकला’ असं लिहू नका, टेबलापलीकडचा माणूस गोंधळतो आणि फाइल पुढे सरकवतो. ‘पाणी ऐकण्याचा कार्यक्रम, लाउडस्पीकर नाही’ असं लिहा.

तुमचा शेवटचा प्रश्न, जलतरंग कधी वाजवायचा. मी तुमच्या जागी असतो तर चाळीस मिनिटं वाडगे समोर मांडून गप्प बसलो असतो. नळ एकेक करून बंद होत येतील, हंडे भरतील, चौकात शेवटची एकच धार उरेल, बहुतेक जिन्याखालच्या पिंपाची. ती बंद व्हायच्या आत वाडग्यांत पाणी घाला, त्याच नळाचं. लोकांना ते घालताना ऐकू द्या. जुळवायला पाच मिनिटं लागतील ती लागू द्या. आणि चावीवाले काका आले असतील तर त्यांना पहिल्या रांगेत बसवा. माझ्या कार्यक्रमात ते कायम भिंतीशी उभे राहतात, आणि पाणी जायची वेळ झाली की कुणालाही न सांगता चावी उचलून निघतात.